जाताना फुकट, येताना भाडं

मिलिंद, त्या दिवशी आम्ही सगळे धक्क्यावर तुझी वाट बघत उभे होतो आणि तू केव्हाच घरी पोचला होतास.

पलीकडच्या दवाखान्यातून फोन आला, 'सर गेले' एवढंच कळलं, आणि अर्धा गाव कोणी न सांगता धक्क्याकडे चालायला लागला. तुला कुठून आणणार, हे कोणी विचारलंच नाही. सकाळी लाँचने गेलेला माणूस लाँचनेच परत येणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. मीसुद्धा. माझा जन्म अर्थशास्त्र शिकवण्यात गेला, न तपासता गृहीत धरलं म्हणून मी पोरांचे मार्क कापते, आणि मीच तिथे दुपारच्या उन्हात डोक्यावर ओढणी घेऊन गृहीत धरून उभी. लाँच आली. दोन-चार माणसं उतरली, एक गॅसचा सिलिंडर उतरला. तू नव्हतास. लाँच चालवणारा नूरभाई तांडेल दोरी बांधता बांधता आमच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुमी हितं काय करताव? सरांना ॲम्ब्युलन्समधून न्हेलं न्हाय का, वरच्या पुलावरनं?"

मग ती सगळी गर्दी वळली आणि तुझ्या घराकडे पळत सुटली. तुझ्या अंत्ययात्रेला तुझंच गाव उशिरा पोचलं. तू असतास तर पोट धरून हसला असतास. मला तर पळता पळता खरंच हसू आलं, आणि त्याच हसण्याचं मध्येच रडू झालं. माझ्याबरोबर पळणाऱ्या बायकांना काय वाटलं असेल कोण जाणे.

जलदान विधीच्या पत्रिकेवर तुझ्या नावाआधी 'कालकथित' असं छापलं होतं. तो शब्द वाचून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू? आता वाद कोणाशी घालायचा. रंजनावहिनी समोर बसलेल्या, सगळे वंदना म्हणताहेत, आणि मी मनात तुझ्याशी भाड्यावरून भांडतेय. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

तुझ्यामागे आपल्या लाँच सोसायटीच्या कमिटीची सभा झाली. तिथे काय झालं, ते तुला सांगायचंय. पण माझ्या डोक्यात गोंधळ आहे, म्हणून तुला पाठ असलेल्या गोष्टीही पहिल्यापासून मांडते. फळ्यावर मांडलं की कधी कधी सुचतं, असं तूच म्हणायचास.

तर, आपल्या लाँचची रीत. आपल्या बाजूच्या धक्क्यावर तिकीट नाही. सकाळी माणूस येतो, चढतो, खाडी ओलांडून पलीकडे उतरतो, कोणी काही विचारत नाही. तिकीट मिळतं ते पलीकडच्या धक्क्यावरच्या खोपटात, परतताना. कोळणी मासळी घेऊन शहराच्या बाजाराला निघतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर पाटी असते पण हातात पैसा नसतो. पाटी रिकामी झाली की पैसा येतो. म्हणून जाताना फुकट, येताना भाडं. हे कोणी ठरवलं, कोणालाच ठाऊक नाही. खाडीला दुसरा रस्ता नव्हता, गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत त्याच लाँचने परत येणारच, त्यामुळे कधी काही बिघडलं नाही. आपण कॉलेजला जायचो तेव्हाही असंच जायचो. तू पुढच्या टोकाला उभा, अंगावर पाणी उडवून घेत, आणि मी आत फळीवर, वही भिजू नये म्हणून तुझ्यावर ओरडत.

मग तू हायस्कुलात मास्तर झालास, मी पलीकडच्या कॉलेजात लागले. तुझ्या तोंडी माझं नाव 'प्रोफेसर' झालं, त्यात कौतुक कमी आणि चिमटा जास्त. आणि दोघंही कमिटीवर. गावाला वाटायचं, दोन अर्थशास्त्रवाले आहेत, आता लाँचचं भलं होईल. भलं राहू दे, आपण दोघांनी प्रत्येक सभा लांबवली.

वाद एकच होता. भाडं वाढवलं तर किती माणसं गळतात? पुस्तकात याला मागणीची लवचिकता म्हणतात. मीठ महागलं म्हणून कोणी अळणी जेवत नाही, पण आईसफ्रूट महागलं की पोरं गोळ्याच्या गाडीकडे वळतात. उदाहरण तुझं, नववीच्या वर्गातलं. मी ते बारावीला वापरते, तुझं नाव न घेता. माझं म्हणणं, आपली लाँच म्हणजे मीठ. लोकांना खाडी ओलांडायचीच आहे. डिझेल महाग झालंय, लाँचचा तळ दुरुस्तीला आलाय, भाडं थोडं वाढवलं तर माणसं तेवढीच राहतील आणि लाँच जगेल. तू म्हणायचास, "अगं, मीठ चिमूटभर लागतं. जनामावशीला मासळीची पाटी घेऊन रोज जायला लागतं."

"रोज लागतं म्हणूनच ती देईल. ज्याला दुसरा पर्याय नाही त्याच्याकडचं भाडं वाढवलं तर उत्पन्न वाढतं. साधा नियम आहे."

"पिळा म्हण ना सरळ."

"ही शिवी नाही रे, सिद्धांत आहे."

"मग सिद्धांतानं पिळलं की दुखत न्हाय का?"

आणि कमिटीतले सगळे हसायचे. तू असा एका वाक्यात सभा खिशात घालायचास आणि माझ्या सगळ्या आलेखांवर पाणी पडायचं. फार राग यायचा मला. अजूनही येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तू मेलास म्हणून तुझं ते वाक्य बरोबर कसं ठरेल?

शेवटी डिझेलने माझी बाजू घेतली. पावसाळ्यात बंद असलेली लाँच पुन्हा सुरू झाली ती वाढलेल्या भाड्याने. आणि तिकिटं घटली. थोडीथोडकी नाही, माझे आलेख फाडून टाकावेत इतकी घटली. मी संध्याकाळी कॉलेजातून परतताना बघत होते ना, फळ्या रिकाम्या असायच्या. जायचे ती उशिराच्या लाँचने, बाजाराची गर्दी गेल्यावर. मीठ म्हटलं ते आईसफ्रूट निघालं. तुझं खरं ठरलं होतं. तू उड्या मारायला हव्या होत्यास, मला महिनाभर चिडवायला हवं होतंस. मी तर तयारीत होते, तू काय बोलशील आणि मी त्याला काय उत्तर देईन, सगळं ठरवून ठेवलं होतं.

तू गप्प बसलास. इथेच माझा गोंधळ सुरू होतो.

त्या सभेत अध्यक्ष म्हणाले, "मान्सं खाडी वलांडतच न्हायत तर लाँच चालवायची कुनासाठी? पूल झालाय आता वर. बंद करून टाकू." एरवी तू टेबलावर चढला असतास. तू खिडकीबाहेर बघत होतास. मीच चिडून म्हणाले, "भाडं पूर्वीसारखं करा असं आता मिलिंद म्हणेल. पण भावनेवर लाँच चालत नाही, डिझेलवर चालते." पायऱ्या उतरताना मात्र माझ्या मागून आलास.

"प्रोफेसर, एकदा सकाळच्या पहिल्या लाँचला ये."

"कशाला?"

"ये तर."

"माझं कॉलेज अकराला आहे. आणि डिझेलचं काय करायचं ते सांग आधी."

"डिझेलचं बघू," म्हणालास आणि हसलास. चपला घालायला वाकलास तेव्हा भिंतीला हात धरला होतास. ते मला आत्ता आठवतंय, तेव्हा दिसलं नव्हतं. हे आपलं शेवटचं बोलणं. इतक्या वर्षांची मैत्री, आणि शेवटचा शब्द डिझेल.

त्यानंतरच्याच आठवड्यात सकाळी तुला छातीत कसंसं वाटलं. रिक्षा बोलावू, पुलावरून जाऊ, असं रंजनावहिनी म्हणत होत्या. तू म्हणालास, लाँच आहे की, लवकर पोचू. चालत धक्क्यावर गेलास. बाकीचं सांगत नाही, ते तुला ठाऊक आहे की नाही हेही मला कळत नाही.

जलदान विधीला नूरभाई आला होता. मांडवाच्या कडेला बसला, जेवण झाल्यावर माझ्याजवळ आला. डोळे लाल. म्हणाला, "मॅडम, माझ्या जिवाला एकच लागून ऱ्हायलंय. सरांना सकाळी बसायला जागा दिली न्हाय मी. पाट्यांनी, मानसांनी लाँच भरलेली. पलीकडंपर्यंत उभेच होते ते, खांबाला धरून. मी म्हटलं कोनाला तरी उठवतो, तं म्हनाले, नको, त्या बसू देत. अल्लाची मर्जी, पन मी उठवायला हवं होतं."

मी त्याची समजूत घातली. उभं राहिल्याने काही झालं नाही, असं डॉक्टरने न सांगितलेलं मीच सांगितलं. तो गेला, मी हात धुवायला नळापाशी गेले, आणि नळ तसाच वाहत राहिला. जागा नव्हती? कशी नव्हती? माणसं खाडी ओलांडतच नाहीत म्हणून आम्ही लाँच बंद करायला निघालोय ना?

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या लाँचला गेले. तू बोलावलंस तेव्हा नाही, नूरभाईच्या रडण्यामुळे गेले. मला बसायला जागा मिळाली नाही. बोंबील, कोळंबी, मांदेलीच्या पाट्या एकावर एक, त्यांच्यामध्ये बायका, कॉलेजची पोरं, पलीकडच्या गोदामात कामाला जाणारी माणसं. जनामावशीने मला बघून पाय आखडले, टेकण्यापुरती जागा केली.

"बाय, आज सकालची? सर गेलं म्हनून?"

"मावशी, भाडं वाढल्यापासून तुम्ही लाँचने येत नाही असं मला वाटलं होतं."

"येतंव ना. सकालची दुसरं हाय काय? येताना न्हाय येत. येताना टेंपोनं येतंव."

शहरातून आपल्या बाजूच्या दुकानांना माल घेऊन दुपारी एक टेंपो नव्या पुलावरून येतो. बाजार उठला की बायका त्यात बसतात. आपल्या वाढलेल्या भाड्यापेक्षा तो स्वस्त पडतो. सकाळी तो टेंपो पलीकडे असतो, मालक झोपलेला असतो, त्यामुळे जायला लाँचच. पोरं येताना कोणाच्या तरी मोटारसायकलवर येतात. सगळे जातात आपल्यासोबत आणि येतात दुसऱ्याच रस्त्याने. आणि आम्ही माणसं मोजतो ती पलीकडच्या खोपटात, फाटलेल्या तिकिटांवरून. गेलेल्यांना आपण कधी मोजलंच नाही, कारण गेलेला परत येणारच, हे गृहीत.

कळलं तुला? तुझी वाट बघत धक्क्यावर उभे होतो ना आम्ही, तेच. अख्ख्या कमिटीने इतके महिने तेच केलं. जगात कुठल्या वाहतुकीत अशी चूक होईल का? ज्यांच्याकडे जाताना फुकट आहे त्यांच्याकडेच होईल. आपल्या तिकिटांच्या हिशेबात तर तू त्या दिवशी लाँचमध्ये चढलाच नाहीस.

लाँच पलीकडे लागेपर्यंत माझं गणित सुटलं होतं. इतकं स्वच्छ उत्तर मला आयुष्यात कधी मिळालं नाही. येण्याची मागणी लवचिक, कारण टेंपो आहे. जाण्याची मागणी अलवचिक, कारण काहीच नाही. तुझंही बरोबर, माझंही बरोबर. तुला ओरडून सांगावंसं वाटलं. मान वळवून पुढच्या टोकाकडे बघितलंही मी. तिथे कोणाची तरी पाटी होती.

आणि मग पुढची पायरी दिसली. सिद्धांत काय सांगतो? जिथे पर्याय नाही तिथे भाडं लावा. म्हणजे येताना फुकट करा, आणि सकाळी, पाटी भरलेली आणि हात रिकामा असताना, तेव्हा घ्या.

मिलिंद, तुला हे माहीत होतं का?

तू रोज सकाळी त्या धक्क्यावर चहा प्यायला जायचास. भरलेली लाँच तुझ्या डोळ्यांसमोरून सुटायची. तू काही आंधळा नव्हतास, आणि गणितात माझ्यापेक्षा दोन पायऱ्या पुढे असायचास. मग सभेत का बोलला नाहीस? बोललास तर कोणीतरी सकाळचं भाडं काढेल, म्हणून? आणि नाही बोललास तर लाँचच बंद होईल, हे दिसत नव्हतं? मला बोलावलंस ते दाखवायला, की मी बघून काय म्हणते ते बघायला? माझ्यावर तुझा विश्वास होता की भीती होती? दोन्हीपैकी एक ठरवायला बसले की दुसरं खरं वाटायला लागतं.

रंजनावहिनींना विचारलं. न विचारता राहवलं नाही. त्या कपाटातले तुझे शर्ट बाहेर काढत होत्या, काढून पुन्हा तसेच ठेवत होत्या. म्हणाल्या, "लाँचवरून डोकं खात होते खरं. एकदा म्हणाले, शुभाला दाखवलं तर ती गणित सोडवेल, आणि सोडवलं की झालंच. दुसऱ्या दिवशी म्हणाले, शुभालाच दाखवायला हवं, दुसरं कोण आहे. मला काही कळलं नाही हो. तुम्हाला कळतंय का?"

मला नाही कळत. आम्ही दोघी अजून त्या शर्टांकडेच बघत बसलोय, असं वाटतं.

सभेला गेले तेव्हा मी काही ठरवलेलं नव्हतं. गप्प बसले तर लाँच बंद होणार, मग जनामावशी आणि तिच्या पाट्यांनी सकाळी जायचं कशाने? बोलले तर तिच्या रिकाम्या हातापुढे आपणच हात पसरणार. दोन्हीकडे तीच. अध्यक्षांनी लाँच बंद करण्याचा विषय काढला, आणि मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. लाँच सकाळी भरून जाते, मी स्वतः पाहिली, आपण चुकीच्या धक्क्यावर मोजतोय. टेंपोचं सांगितलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नूरभाई दाराशी उभा होता, तो जोरजोरात मान हलवत होता.

मग प्रथमेश उठला. आठवतो ना, तुझ्या हायस्कुलातून माझ्या कॉलेजात आलेला, आता बंदराजवळ मोबाइलचं दुकान टाकलंय, नवा मेंबर. हुशार पोरगा. त्याचे डोळे चमकायला लागले होते.

"मग सोपं हाय की. भाडं सकाळीच घ्या. स्कॅनर लावू आपल्या धक्क्यावर."

नूरभाई म्हणाला, "अरे, मासली इकली न्हाय तं त्यांच्या मोबाइलात पैसं कुठनं येनार?"

"आदल्या दिवशीचे असतील की. कायतरी करून देतील चाचा, दुसरा रस्ताच न्हाय त्यांना. ज्याला पर्याय न्हाय त्याच्याकडचं भाडं वाढवलं की उत्पन्न वाढतं. मॅडम, बरोबर ना? तुमीच शिकवलंय."

मीच शिकवलंय. शब्द न् शब्द माझा. परीक्षेत लिहिलं असतं तर मी पैकीच्या पैकी दिले असते. सगळी कमिटी माझ्याकडे बघत होती, अध्यक्षांनी तर पेन उघडलं होतं. इतकी वर्षं मी ज्या होकारासाठी भांडले तो सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता. आणि मी सवयीने खिडकीकडे बघितलं. तुझी खुर्ची तिथेच होती, तिच्यावर कोणीतरी हेल्मेट ठेवलं होतं. मी थांबले. खरं सांगते, मी तुझ्यासाठी थांबले. आता तू बोलशील, सगळे हसतील, मी चिडेन, असं दर वेळचं.

पंख्याचा आवाज येत होता.

"पिळा म्हण ना सरळ," मी म्हणाले.

कोणी हसलं नाही. प्रथमेशने मान खाली घातली. हळूच म्हणाला, "मॅडम, हे सरांचं वाक्य हाय."

"हो. आज ते आले नाहीत, म्हणून मी म्हटलं."

ठराव झाला. सकाळी पूर्वीसारखंच फुकट. येतानाचं भाडं कमी करून जुन्यावर आणायचं, म्हणजे टेंपोकडे गेलेली माणसं कदाचित परत येतील, आणि पावसाळ्यात लाँच बंद होईपर्यंत कसं चालतं ते बघायचं. मोजायचं दोन्ही धक्क्यांवर. नूरभाईने जनामावशीला धक्क्यावर जाऊन सांगितलं तेव्हा ती म्हणाली म्हणे, "व्हय? मना तं ठावंच नव्हतं काय बंद व्हनार व्हतं."

घरी येताना मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. मी तुझी बाजू मांडली की माझीच सोडली, की तुझी कुठली होती हेच मला ठाऊक नसताना तुझ्या आवाजात खोटं बोलले? तू माझ्या जागी बसून कधी माझं वाक्य बोलला असतास का? आणि एक सांगून ठेवते, मला अजून पटलेलं नाही. सिद्धांत बरोबर आहे. लाँचच्या तळातून पाणी येतंय, नूरभाई डबड्याने उपसतो, हेही मी त्या सकाळी पाहिलं. तुझं वाक्य बोलून मी सभा जिंकली, तुझ्यासारखीच, आणि डिझेलच्या पंपावर तर ते वाक्य चालणार नाही.

डिझेलचं बघू, म्हणाला होतास. मी ठरावात तुझ्या बाजूने हात वर करून बसले आहे, मिलिंद. बघ आता.